बुजगावण्याचा सदरा

फार मागे, पाखरांचं बोलणं माणसांना कळायचं तेव्हाची गोष्ट. हैबती नावाचा शेतकरी राजाचा मंत्री झाला. निघताना त्यानं आपला घामट सदरा शेतातल्या बुजगावण्याला चढवला. म्हणाला, "आता माझ्या जागी तू."

"आणि माझ्या जागी कोण, धनी?" बुजगावण्यानं विचारलं. हैबती नुसता हसला आणि निघाला.

कित्येक सुग्या उलटल्या. एके दिवशी मंत्री शेत बघायला आला, आणि लोकांना आशीर्वाद द्यावा तसे हात पसरून बांधावर उभा राहिला. कावळे थेट त्याच्या हातांवर येऊन बसले.

"अरे, माणूस आहे तो!" साळुंकी ओरडली.

"माणूस तो तिकडे," कावळा म्हणाला. "याला घामाचा वासच नाही."

मंत्र्यानं हात झटकायला बघितलं. हात हलेना. बाहीतून वाळलं गवत गळालं.

पलीकडे बुजगावणं वाकून तण उपटत होतं.