दोर धरणाऱ्याचा वाटा

"पण त्याच्या मनात काय आहे, हे मला कसं कळणार?"

भालचंद्रने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

धुंडिराज मास्तर चुलीपुढे बसून नारळाच्या करवंट्या फोडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"दार आपटतंय," ते म्हणाले.

खोपीचं दार खरोखरच आपटत होतं. समुद्रावरचा वारा सरळ आत येत होता. थोड्या वेळापूर्वी ते दार शांत होतं, कारण त्याच्याखाली एक जाड पुस्तक अडकवलेलं होतं. भालचंद्रने आत येताना ते पुस्तक ओळखलं आणि घाईघाईने उचललं. खिशातल्या रुमालाने वाळू पुसली. मग दोन्ही हातांनी ते फळीवर ठेवलं.

ते मास्तरांनीच लिहिलेलं पुस्तक होतं.

चाळीस वर्षांपूर्वी ते छापून आलं, तेव्हा मोठमोठे पंडित म्हणाले होते की शब्द आणि अर्थ यांचा वाद आता मिटला. प्रत्येक शब्दामागे मनात एक चित्र असतं. चित्र असेल तर शब्द खरा, नसेल तर पोकळ. पुस्तकात एवढंच होतं, पण ते असं मांडलं होतं की कुणाला उत्तर सुचलं नाही.

धुंडिराजांनाही सुचलं नाही. "आता बोलायचं काही राहिलं नाही," असं म्हणून त्यांनी विद्यापीठ सोडलं, कपाटातली पुस्तकं वाटून टाकली आणि या किनाऱ्यावरच्या चौथीपर्यंतच्या शाळेत मास्तर झाले. शाळा सुटल्यावर ते मासेमारांबरोबर रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढायला जात. निवृत्त झाल्यावरही जात राहिले.

भालचंद्र त्याच शाळेत शिकला. पुढे शहरात गेला, तिथे त्याला मास्तरांचं पुस्तक सापडलं, आणि त्याच पुस्तकावर चारशे पानं लिहून तो प्राध्यापक झाला. मास्तरांनी जे सोडलं होतं, ते त्याने मिळवलं.

आज अकरा वर्षांनी तो गावात आला होता. पण घरी गेला नव्हता. घर माडांच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर होतं.

"दाखव ते पत्र," मास्तर म्हणाले.

भालचंद्रने पोस्टकार्ड काढलं. त्याच्या थोरल्या भावाचं, सगुणचं. अक्षर पाटीवर काढावं तसं मोठं होतं.

माझं चुकलं. तू ये.

मास्तरांनी ते वाचलं, उलटं करून पत्त्याची बाजूही पाहिली, आणि परत दिलं.

"बरं मग?"

"मास्तर, बाबा तीन आठवडे अंथरुणावर होते. यानं मला कळवलं नाही. कळवलं ते सगळं संपल्यावर. मी आलो तेव्हा किनाऱ्यावर राखसुद्धा उरली नव्हती."

"माहीत आहे. मी इथेच होतो."

"तेव्हा मी विचारलं, का केलंस असं? हा गप्प. मी म्हटलं, मला भाऊ नाही. तरी गप्प. आणि आता अकरा वर्षांनी, माझं चुकलं. काय चुकलं? कळवलं नाही हे चुकलं, की गप्प राहिलो हे? खरंच वाईट वाटतंय, की वय झालं म्हणून लिहिलंय? की गावातले लोक बोलतात म्हणून? शब्द एकच, मास्तर. मागची चित्रं चार असू शकतात."

"चारच?"

"थट्टा नको. शब्द पोकळ असेल, तर मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. पाचची बस आहे, तिनं परत जाईन. तुम्ही सांगा."

मास्तरांनी एक करवंटी चुलीत सारली.

"सगुणाला विचारलंस?"

"तो जे सांगेल, तेही शब्दच."

"आणि मी सांगेन ते?"

भालचंद्रने पोस्टकार्ड पुन्हा खिशात घातलं.

दार पुन्हा आपटलं.

"तुझ्या वर्गात एक मुलगी होती," मास्तर म्हणाले. "आठवड्यातून एकदा उभी राहायची. गुरुजी, पोट दुखतंय."

भालचंद्रला आठवलं. "इंदू. खोटं बोलायची. गणिताच्याच तासाला दुखायचं."

"बहुतेक वेळा खोटं. दोनदा खरं होतं. एकदा तर मुंबईला न्यावं लागलं."

"मग तुम्ही खरं-खोटं कसं ओळखायचात?"

"मी तिला घरी पोचवायचो."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"हे काही उत्तर झालं नाही, मास्तर. तुमच्या पुस्तकात..."

"ते पुस्तक मी लिहिलं, तेव्हा माझ्याजवळ 'पोट दुखतंय' म्हणणारं कुणी नव्हतं."

तेवढ्यात खालून, वाळूवरून, एक लांब हाक आली.

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. "रापण लागली. आज माणसं कमी आहेत. चल."

"मी? मास्तर, मी बोलायला आलोय."

"मलाही तेच करायचंय. चल."

होडीने समुद्रात जाळ्याचा मोठा अर्धगोल टाकला होता. त्याच्या दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर आले होते, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. दोन्हींमध्ये दोनशे पावलांचं तरी अंतर होतं. प्रत्येक दोराला दहाबारा माणसं लागलेली. सगळी पाठ मागे टाकून, टाचा वाळूत रोवून, एकेक पाऊल मागे सरत होती.

उत्तरेकडच्या दोरावर सगळ्यांत पुढे, कमरेइतक्या पाण्यात, सगुण होता. डोक्याला बांधलेलं फडकं विटलं होतं. भालचंद्रने त्याला पाहिलं, आणि तो सरळ दक्षिणेकडे वळला.

मास्तर काही न बोलता त्याच्या मागून गेले.

"कोण रे ह्यो?" दोरावरची आवडाबाय ओरडली. साठी उलटली होती, पण आवाज भरतीच्या वर जात होता. "अगो बाय! ह्यो आमच्या सगुणाचो भाल्या मा? बूट घालून रापण ओढतत काय रे, मेल्या? तुझ्या बापाशीन बघल्यान आसता तर!"

सगळे हसले. भालचंद्रचे कान लाल झाले. त्याने खाली बसून बूट काढले, मोजे आत कोंबले, आणि कुठे ठेवावे हे न कळून हातातच धरून उभा राहिला.

"वाळूत ठेव. बूट कोण चोरत नाय. आमका ते नको," आवडाबाय म्हणाली.

"धर," मास्तर म्हणाले.

भालचंद्रने दोर धरला.

तो ओला आणि खरखरीत होता. पहिल्या दहा पावलांतच तळवे झोंबू लागले. विद्यापीठात जाण्याआधी त्याने हा दोर शेकडो वेळा ओढला होता. हात विसरले होते, पाय मात्र विसरले नव्हते. टाच कुठे रोवायची, हे त्यांना आपोआप कळत होतं.

"होऽऽ..." उत्तरेकडून सगुणची हाक आली.

"होऽऽ..." दक्षिणेकडून सगळ्यांनी उत्तर दिलं.

भालचंद्रच्या तोंडूनही ते गेलं. मग त्याने ओठ घट्ट मिटले.

जाळं जसं किनाऱ्याकडे येतं, तसे दोन्हींकडचे लोक एकमेकांकडे सरकतात. तसं केलं नाही तर जाळं मिटत नाही आणि मासे मधून निसटतात. त्यामुळे दोनशे पावलांची शंभर झाली. शंभराची पन्नास. भालचंद्र वाळूकडे बघत ओढत होता. त्याने एकदा मान वर केली, तेव्हा मध्ये दहाच पावलं उरली होती.

सगुणच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

मग अंतरच राहिलं नाही. दोन्ही बाजूंची माणसं एका जाळ्याभोवती गोळा झाली. पाणी चांदीसारखं उसळत होतं. भालचंद्र आणि सगुण एकाच कडेला वाकलेले होते, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

"पाय बाजूक घे," सगुण म्हणाला. "शिंगाळो आसा."

भालचंद्रने झटकन पाय उचलला. तिथे खरंच एक शिंगाळा तडफडत होता. त्याचा काटा पायात गेला तर माणूस रात्रभर कण्हतो.

सगुणने तो शेपटीला धरून दूर फेकला आणि पुन्हा जाळ्याला हात घातला.

अकरा वर्षांनंतर दोघांमध्ये झालेलं बोलणं एवढंच.

नंतर वाळूवर मासळीचे वाटे पडले. ते घालण्याचं काम सगुणचं. रापणीचा रिवाज जुना आहे. ज्याने दोर धरला त्याला वाटा. घरचा असो, परका असो, वाटेने जाता जाता थांबलेला असो. शेवटच्या चार हातांपुरता धरला असला तरी.

सगुणने आवडाबायपुढे बांगडे ठेवले. मास्तरांपुढे ठेवले. मग भालचंद्रपुढे आला आणि त्याच्याही पायाशी ठेवले, मोजून तेवढेच.

"मला नको," भालचंद्र म्हणाला.

सगळ्यांचे हात थांबले.

रापणीचा वाटा कुणी नाकारत नाही. आजवर तसं कुणी केलेलं कुणाच्या आठवणीत नव्हतं. असं झालं तर काय करायचं, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"मी... म्हणजे, मी मनापासून ओढलं नाही," भालचंद्र सांगू लागला. शिकवण्याच्या सवयीने तो नीट समजावू लागला. "मास्तर म्हणाले म्हणून दोर धरला. माझ्या मनात मदत करायचं नव्हतं. माझ्या मनात दुसरंच काहीतरी होतं. त्यामुळे खरं तर मी दोर ओढला, असं म्हणताच येणार नाही."



मग आवडाबाय कमरेवर हात ठेवून हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला.

"अरे पावण्या! जाळा हडे इला मा?"

"आलं."

"तू धरलंलस तेव्हाच इला मा?"

"हो, पण..."

"मग! दोराक काय कळता, तुझ्या मनात काय आसा ता? ह्या गणपाच्या मनात तर सकाळपासून दारूच आसा. तरी पण घेता मा वाटो?"

गणपा नावाचा माणूस आपला वाटा छातीशी धरून म्हणाला, "माका कित्याक मधी आणतस गे, बाय?"

सगळा किनारा हसला. मास्तरही हसले.

सगुण हसला नाही. त्याने वाटा उचललाही नाही. तो तिथेच राहू दिला आणि पुढच्या माणसाकडे गेला. वाटे संपल्यावर टोपली डोक्यावर घेऊन, मागे वळून न बघता, माडांकडे चालू लागला.

भालचंद्र बराच वेळ त्या बांगड्यांकडे बघत उभा राहिला. एका बांगड्याचे कल्ले अजून हलत होते.

शेवटी त्याने खिशातून रुमाल काढला, वाळूवर पसरला आणि त्यात मासे बांधले.

खोपीत परत आल्यावर मास्तरांनी चूल पुन्हा फुंकली. भालचंद्र दारात उभा राहिला. एका हातात बूट होते, दुसऱ्या हातात रुमालाची गाठ. गाठीतून खारं पाणी ठिबकत होतं.

"हातांना फोड आले?" मास्तरांनी विचारलं.

"आले."

"सगुण काही बोलला का रे? मला लांबून ऐकू आलं नाही नीट."

"पाय बाजूला घे म्हणाला."

"मग?"

"घेतला."

"लगेच?"

"लगेच. शिंगाळा होता."

मास्तरांनी मान डोलावली. फुंकणी खाली ठेवली.

"त्याच्या मनात काय आहे, ते नाही विचारलंस?"



वाऱ्याने दार जोरात आपटलं. पुन्हा आपटलं.

त्याने बूट खाली ठेवले. फळीजवळ गेला. मोकळ्या हाताने ते जाड पुस्तक उचललं, दारापाशी वाकला, आणि दाराखाली घट्ट सारलं.

दार थांबलं. उघड्या दारातून माड दिसत होते. माडांच्या पलीकडे एका घराच्या कौलांतून धूर निघत होता.

रस्त्यावर पाचच्या बसचा भोंगा वाजला. एकदा. मग दुसऱ्यांदा, जरा लांबून.

भालचंद्र हलला नाही.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "अकरा वर्षं झाली. तिथे दारात उभा राहून मी पहिलं वाक्य काय म्हणू?"

मास्तरांनी रुमालाच्या गाठीकडे पाहिलं.

"म्हण, बांगडे आहेत. ऊन लागलंय त्यांना, लवकर चुलीवर चढवा."