गडावरची पांढरी माळ

एका गावात एक गवंडी होता, आणि त्या गवंड्याच्या आत आणखी एक गाव होतं. गवंड्याचं नाव गेनू. आतल्या गावाला नाव नव्हतं. ते कधी कुणी पाहिलंच नव्हतं, मग नाव कोण ठेवणार?

मोठं गोड गाव होतं हो ते! वर डोक्यात धुक्यात बुडालेला एक गड. खाली कोमट, लाल नद्या संथ वाहायच्या, आणि त्यांच्या काठाकाठाने शिपायांच्या चौक्या होत्या. गडावर गडकरी राहायचा. गडकरी आणि शिपाई एकमेकांना निरोप धाडायचे ते इवल्या इवल्या मण्यांच्या माळा ओवून. तांबडी माळ म्हणजे ‘धावा!’ पांढरी माळ म्हणजे ‘पुरे, आता निवा.’ या माळा गडावरही वाचता यायच्या आणि चौकीवरही. डॉक्टर लोक त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. म्हणोत बापडे, आपण माळाच म्हणू.

एकदा दगड घडवताना कपची उडाली आणि गेनूच्या उजव्या अंगठ्यात घुसली. लगेच तांबडी माळ सुटली. शिपाई धावले. अंगठा सुजला, ठणकू लागला. वैद्याने कपची काढली, जखम धुतली, औषध दिलं. आत शिपायांनी घुसखोर जंतू लोळवले आणि वर निरोप धाडला, ‘मैदान मारलं. दमलो आहोत. विसावा द्या.’

खरं तर गोष्ट इथेच संपायची. पण गेनूने कुठेतरी ऐकलं होतं, की पलीकडच्या गावात एका गवंड्याचा हात असाच सडला आणि त्याची थापी कायमची सुटली. झालं! गेनूने आपल्याही हाताची धास्ती घेतली. पण सांगेल तर शपथ. कुणी विचारलं की म्हणायचा, “गवंड्याला कसली आलीय भीती!”

आणि भीती काय एका जागी बसून राहते? ती थेट गडावर चढली. गडकरी घाईघाईने तांबड्या माळा ओवू लागला. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. शिपाई बिचारे हुकमाचे ताबेदार. शत्रू दिसेना, पण ‘धावा’ म्हटलंय ना वरून! मग ते आपल्याच भिंती पाडू लागले. जखम काही भरेना.

माळा पोचवणारा म्हातारा जासूद धापा टाकत गडावर आला.

“गडकरी, शत्रू कधीच गेला. आता आपलीच माणसं आपलीच घरं पाडतायत. पांढरी माळ द्या.”

“आणि तो पुन्हा आला तर?”

“आला तर धावू की! पण अशानं त्याला यायची गरजच उरणार नाही.”

गडकऱ्याला पटलं. त्याने पांढरे मणी पुढे ओढले. पण हात इतका कापत होता, की एकही मणी दोऱ्यात जाईना. आणि गडाचा नियम असा, की पांढरी माळ गडकऱ्यानेच ओवायची, दुसऱ्या कुणी नाही. जासूद तिथेच धुक्यात माळेची वाट पाहत थांबला.

बाहेर दुपार होती. गेनू ओट्यावर अंगठा धरून बसला होता. त्याची बायको ठकूबाई शेजारी येऊन टेकली.

“सकाळधरनं हाताकडं टक लावून बसलाय. खरं सांगा, काय होतंय?”

‘काही नाही’ म्हणायला गेनूने तोंड उघडलं आणि त्याचे डोळेच भरून आले.

“ठकू, मला भीती वाटते गं. हात गेला तर मी कुणीच उरणार नाही.”

ठकूबाई हसली नाही. तिने तो सुजलेला हात आपल्या मांडीवर घेतला.

“मी काय हाताशी लगीन लावलं होतं?” ती म्हणाली. “पडा जरा. मी बसलेय इथं.”

गेनू आडवा झाला. कितीतरी दिवसांनी त्याचा श्वास खोलवर गेला. गडावरचं धुकं हळूहळू विरलं. गडकऱ्याचा हात कापायचा थांबला. एक मणी दोऱ्यात गेला, मग दुसरा. माळ पुरी झाली तशी ती घेऊन जासूद नदीत उतरला आणि तरंगत तरंगत खाली निघाला. चौकीचौकीवर माळ वाचली गेली. शिपायांनी दांडकी टाकली आणि तिथेच काठावर अंग टाकलं. पडक्या भिंती बांधायला कारागीर निघाले.

जखम भरली. गेनूने पुन्हा थापी धरली. पण अंगठा थोडा आखडला तो आखडलाच. आपल्याच माणसांनी पाडलेलं सगळंच काही पुन्हा उभं राहत नाही. कुणी विचारलं, “दगडानं केलं का हे?” तर गेनू म्हणतो, “दगडानं थोडं. बाकीचं मी गप्प राहून केलं.”

तात्पर्य: कोंडलेली भीती मनातच बसत नाही, ती अंगभर हुकूम सोडत हिंडते, म्हणून जखमेला जसं औषध लावावं, तशी भीती वेळेवर आपल्या माणसाला सांगावी.