बांधावरची घट्ट माती

खूप जुनी गोष्ट आहे, गावांना वेशी होत्या आणि वेशींना दरवाजे होते तेव्हाची. काळ्या मातीच्या एका गावात एक कुंभार राहत होता. त्याच्या अंगणाला लागूनच, मधल्या बांधापलीकडे, एका चुनेवाल्याची भट्टी होती.

त्या गावची माती पिकाला गुणी, पण घराला वैरीण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगायची आणि भिंती वर उचलायची. उन्हाळ्यात आक्रसून अशी भेगाळायची की भेगेत अख्खा हात जावा. दरसाल भिंती तडकायच्या, दरसाल लोक त्या लिंपायचे आणि मातीला चार शिव्या घालून मोकळे व्हायचे.

कुंभार आणि चुनेवाला मात्र एकमेकांनाच शिव्या घालण्यात गुंतलेले असत. कुंभार म्हणे, चुन्याची धूळ उडून माझी ओली मडकी बिघडतात. चुनेवाला म्हणे, तुझ्या मडकी भाजायच्या आव्याच्या धुराने माझा पांढरा चुना काळवंडतो. खरं तर दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. कुंभार आव्यातली राख आणि फुटकी खापरं बांधापलीकडे भिरकावी, आणि चुनेवाला भट्टीतला टाकाऊ चुना बांधाच्या अलीकडे. त्यातलं बरंचसं बांधालगतच पडे, कारण रागाच्या भरात नेम कुठला लागायला! वरून पाऊस पडे आणि कुंभाराची गाढवं तो चिखल तुडवीत.

एका वर्षी कुंभाराची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. घराची मागची भिंत तेव्हा इतकी कलली होती की बाप तिच्याजवळ लेकीला निजू देईना. पाऊस तोंडावर आला होता. नवी खोली बांधायची तर जागा उरली होती ती फक्त बांधाजवळ.

तिथे त्याने कुदळ मारली, तर ती टणकन उडाली. कसंबसं एक ढेकूळ निघालं. ते त्याने पाण्यात टाकलं, पण ते फुगेना की विरघळेना. ढेकळात त्याला स्वतःची खापरं दिसली, राख दिसली. सगळ्याला धरून ठेवणारा चुनाही दिसला, पण तो त्याने पाहून न पाहिल्यासारखा केला.

ही आपल्या राखेची करामत, असं त्याने ठरवून टाकलं. बांधालगतची पट्टी खोलीला पुरणारी नव्हती. म्हणून त्याने शेजारची माती खणली, तिच्यात नुसती राख आणि खापरं कालवली, गाढवं फिरवली आणि वर घागरभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी त्यात पाय ठेवला, तो घोट्यापर्यंत रुतला. कुंभाराने चिखलातून पाय उपसला. मग बांध ओलांडून गेला.

“पोर बाळंतपणाला आलीय,” तो चुनेवाल्याला म्हणाला. “घर यंदाचा पाऊस झेलायचं नाही. तुझा टाकाऊ चुना हवाय मला.”

“इतकी वर्षं तुझ्याकडेच तर टाकतोय,” चुनेवाला म्हणाला.

“माझ्यावर टाकत होतास. आता माझ्यासाठी टाक.”

चुनेवाल्याने पाटी उचलली. त्याचीही भट्टी दरसाल तडकत होती आणि तिच्या पायात नुसता चुना घालून तोही थकला होता, हे त्याने पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

दोघांनी माती, चुना, राख आणि खापरांचा भुगा एकत्र कालवला, ओला करून काही दिवस मुरू दिला आणि मग गाढवांकडून चांगला तुडवून घेतला. त्या पायावर खोली उभी राहिली.

ऐन आषाढात एका दुपारी जुन्या घराची मागची भिंत मोठा आवाज करून कोसळली. चुनेवाला हातातलं काम टाकून धावत आला. कुंभार ढिगाऱ्यापाशी बसला होता, पण त्याला खरचटलंही नव्हतं. नव्या खोलीच्या भिंतीला साधा चरा नव्हता. आत लेक बाळाला पाजत बसली होती.

कुंभार उठला, आत गेला आणि बाळ आणून त्याने चुनेवाल्याच्या हातात दिलं. चुन्याने खरखरीत झालेल्या त्या हातांनी त्याने बाळाला अलगद छातीशी धरलं.

तात्पर्य: जे रागाने एकमेकांच्या दारात फेकलं जातं, तेच समजुतीने एकत्र केलं तर घराचा पाया होतं.