चिचुंद्रीचा कोपरा

फार जुनी नाही, जंगलात संगणक आले तेव्हाची गोष्ट. खारीने नकाशे काढायचा प्रोग्राम बनवला आणि सगळ्यांना सांगितलं, "बटणं आपापल्या सोयीने लावा." सांगितलं खरं, पण तिचा जीव थाऱ्यावर राहीना. अंधुक नजरेच्या चिचुंद्रीने सगळी बटणं एका कोपऱ्यात कोंबली होती. तिची पाठ वळताच खारीने ती गुपचूप रांगेत लावली.

चिचुंद्रीने परत येऊन सवयीने कोपऱ्यात बोट दाबलं, तर तिथे आता पुसायचं बटण आलेलं; पिल्लांसाठी काढलेला बिळाचा अख्खा नकाशाच पुसला गेला!

"बटणं कुणी हलवली गं?"

"मीच. केवढा पसारा होता तो!"

"तुला पसारा, खारूताई. मला तिथे न बघता सापडत होतं."

खार ओशाळली. तिने बटणांना कुलूप लावायची सोय केली. "परवलीचा शब्द तूच घाल, बाई. आणि मला मुळीच सांगू नकोस. माझ्याच्यानं राहवणार नाही."