उणं झालं ते गेलं कुठं?

“...आणि बंधनानं वस्तू उणी होते, हे आता विज्ञानही सांगतंय. मग मला दीक्षा द्यायला हरकत काय, बुवा?”

प्रद्योत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. रविवारी त्याचं शलाकाशी लग्न होतं, आणि शुक्रवारी सकाळी हा नवरदेव टेकडी चढून भानुबुवांच्या मठात संन्यास मागायला आला होता!

बुवा ओट्यावर उन्हात बसले होते. प्रद्योत मात्र नांदुरकीच्या झाडाच्या सावलीत काकडत उभा होता.

“उणी होते? कशी रे?”

“सूर्यात हेच घडतं. हायड्रोजनची चार केंद्रकं एकत्र येतात आणि हेलियमचं एक होतं. चौघांचं मिळून जेवढं वस्तुमान, त्याहून ते कमी भरतं. एकत्र आलं की झीज ठरलेली.”

बोलणं बिनतोड होतं. घोडं अडलं होतं भलतीकडेच. शलाकाबरोबर राहिलो तर आपण आपले उरू का, या भीतीनं गड्याची झोप उडाली होती.

“कमी झालं ते गेलं कुठं?”

“ऊर्जा होऊन बाहेर पडलं.”

“नाव काय तिचं?”

“बंधन-ऊर्जा.”

बुवा खदखदून हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

“बंधन आणि ऊर्जा, एकाच शब्दात! आणि मी जन्मभर कीर्तनात नुसतं बंधन, बंधन करत बसलो!”

“पण वस्तुमान घटतंच ना...”

“त्यांना पुन्हा सुटं करायचं झालं तर?”

“बाहेर गेली तेवढी ऊर्जा परत भरावी लागते.”

“शलाका भेटल्यापासून तुझी किती गेली?”

प्रद्योत मनात हिशेब मांडू लागला...

वर्षभरात तो वर्गात शीळ घालायला लागला होता. जुनं भांडण विसरून भावाकडं जेवून आला होता. आता हे सगळं कुठून गोळा करायचं आणि परत भरायचं?

बुवा उठले. हाताला धरून त्यांनी त्याला सावलीतून उन्हात ओढलं.

पाठ शेकली. आखडलेली बोटं सुटली. प्रद्योतनं सूर्याकडं तोंड केलं आणि डोळे मिटले.

“हे ऊन म्हणजे... ते उणं झालेलंच की हो, बुवा!”

इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेलं आज अंगाला लागलं, आणि त्याला हसू आवरेना. भीती कधी गेली ते कळलंही नाही.

“मग... माझी दीक्षा?”

“रविवारी. मुंडावळ्या घट्ट बांधून घे.”