रिकामी चौकट

"पण माझ्यात कमी काय आहे, चाचा?"

मृण्मयीने तिसऱ्यांदा विचारलं. बारावीला ब्याण्णव टक्के पडलेले. डोळे तपासायचं शिक्षण घ्यायचं ठरवून अर्ज पिशवीत घालून आलेली. जाणत्या माणसाच्या हाताखाली आठवडाभर काम केल्याची सही तेवढी राहिली होती. मुदत परवा संपत होती.

अत्तारचाचा चाळीस वर्षं तालुक्याच्या गावी चष्म्याचे नंबर काढत आलेले. ते भिंग पुसत राहिले.

"सात दिवसांत साठ माणसं तपासली मी. एकानेही तक्रार केली नाही."

"हं..."

हुशार माणसाला सगळ्यात जड जातं ते गप्प बसणं. मृण्मयी हुशार होती. "मग सही का अडलीये?"

तेवढ्यात गजराबाई नावाची म्हातारी दारात आली. चाचांनी मानेनेच खूण केली.

मृण्मयीने तिला खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची चौकट चढवली, भिंगं सरकवली. हात सराईतासारखे चालत होते, ते नाकारायचं कारण नाही.

"आता छान दिसतंय ना, आजी?"

"व्हय बाई. लई छान."

तिने चाचांकडे पाहिलं. बघितलंत ना, अशा थाटात.

चाचा उठले. चौकटीतली दोन्ही भिंगं त्यांनी अलगद काढून खिशात टाकली. मग तिच्याच गोड सुरात विचारलं,

"आता आणखी छान दिसतंय ना, आजी?"

"व्हय तर... आणखी छान."

मृण्मयीचा चेहरा खर्रकन उतरला.

"आजी, खोटं कशाला बोललात?"

"खोटं कशापायी? एवढी शिकलेली पोर, एवढ्या मायेनं इचारतीस. तुला न्हाई म्हनू व्हय?"

ती साठ माणसं चाचांनी मागाहून पुन्हा तपासायला का बसवून घेतली होती, ते तिला आत्ता उमगलं. म्हाताऱ्याची खोड समजून ती मनातल्या मनात हसली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचा स्टूल ओढून गजराबाईंसमोर बसले.

"आजी, घरी काय दिसत नाही?"

म्हातारी बराच वेळ बोलली नाही. चाचाही बोलले नाहीत.

"तांदळातलं खडं," ती हळूच म्हणाली. "सुनंच्या दाताखाली येत्यात..."

गजराबाई गेल्यावर मृण्मयीने पिशवी उचलली. अर्ज बाहेर काढला नाही.

"म्हणजे मी या कामाची नाही, असंच ना, चाचा?"

चाचांनी भिंगं पेटीत ठेवली.

"उद्या ये... येताना प्रश्नातलं उत्तर तेवढं घरी ठेवून ये."