एकोणीस सुट्या दूर्वा

सासूबाई अंथरुणातून उठाव्यात म्हणून मी एकदा गणपतीला लाख दूर्वा बोलले होते. एकवीस-एकवीसच्या जुड्या वाहत गेले आणि शेवटी हातात एकोणीसच उरल्या.

धुंडिराजशास्त्री देवळात सगळ्यांदेखत म्हणाले, "शेवटची जुडी अपुरी, व्रत बुडालं. पुन्हा पहिल्यापासून करा. माझा लाख पुऱ्या जुड्यांत बसला होता."

दूर्वा खुडून चिरलेल्या बोटांत त्या एकोणीस धरून मी म्हणाले, "शास्त्रीबुवा, लाखाच्या अंकांची बेरीज एक. त्याला तिनानंच भाग जात नाही, मग एकविसानं कसा जाईल? एकोणीस उरणारच. तुमच्या उरल्या नाहीत, म्हणजे तुमचा लाखच झाला नाही. आता पुन्हा कुणी आरंभायचं, मी की तुम्ही?"

शास्त्रीबुवांनी त्या एकोणीस दूर्वा देवाला वाहिल्या.

बायांनो, तुम्हीही व्रत धरा. आणि कुणी ते मोडलं म्हणालं, तर आधी स्वतः भागून बघा.